दर दोन तासांनी कूस बदलणारे डॉक्टर

यकृत किंवा मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर रुग्णाला अतिदक्षता विभागात आणले, की रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि रक्ततपासण्या यांच्या कागदांबरोबर बऱ्याच रुग्णालयांत एक छोटा तक्ताही भरला जातो. रुग्णाला स्पर्श आणि दुखणे कळते का, तो स्वतःहून कूस बदलतो का, त्वचा ओली राहते का, पोटात अन्न किती जाते, असे पाच-सहा प्रश्न असतात आणि प्रत्येकापुढे गुण. त्या गुणांच्या बेरजेवरून परिचारिका अंदाज बांधते, की या रुग्णाच्या पाठीला, माकडहाडाला किंवा टाचांना जखम होण्याचा धोका किती आहे. अशा जखमेला शय्याव्रण म्हणतात. घरोघरी मात्र बेडसोअर हाच शब्द रुळला आहे.

ही जखम होण्याआधी धोका ओळखता येतो आणि बहुतेक वेळा जखम टाळता येते, ही गोष्ट आज साधी वाटते. शंभर वर्षांपूर्वी ती डॉक्टरांनाही पटत नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होणारच आणि त्यातच तो जाणार, असे धरून चालण्याचा तो काळ होता. हा समज खोटा ठरवण्यात लुडविग गुटमन यांचा वाटा फार मोठा आहे. जग त्यांना पॅरालिम्पिक स्पर्धांचे जनक म्हणून ओळखते. पण धनुष्यबाण आणि शर्यती नंतर आल्या. त्याआधी त्यांनी रुग्णांची पाठ सांभाळली.

पडद्याआडचा खाणकामगार

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. लुडविग लहान असतानाच कुटुंब क्योनिगशुट्टे या कोळशाच्या खाणींच्या शहरात राहायला गेले. खाणी म्हटल्या की अपघात आलेच, त्यामुळे शहरात खाणकामगारांसाठी वेगळे अपघात रुग्णालय होते. १९१७ साली पहिले महायुद्ध चालू असताना लुडविग तिथे मदतनीस म्हणून काम करू लागला.

एके दिवशी तिथे पाठीचा कणा मोडलेला एक तरुण, धडधाकट खाणकामगार दाखल झाला. कमरेखालचे अंग लुळे पडले होते. त्याला वॉर्डाच्या टोकाला नेऊन भोवती पडदे लावण्यात आले. लुडविग त्याच्याविषयीच्या नोंदी लिहू लागला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला थांबवले. हा काही आठवड्यांचा सोबती आहे, कागद कशाला वाया घालवायचा, असा त्यांचा रोख होता. झालेही तसेच. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग आणि शय्याव्रण यांनी त्या माणसाला पाच आठवड्यांत संपवले. पडद्याआडचा हा धट्टाकट्टा माणूस गुटमन यांच्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही.

त्या वरिष्ठ डॉक्टरांना निर्दय म्हणता येणार नाही. त्यांना जे शिकवले होते तेच ते सांगत होते. एकोणिसाव्या शतकातले फ्रान्सचे नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ जाँ-मार्तां शार्को यांचे मत असे होते, की मेंदू किंवा मज्जारज्जूला इजा झाली की त्या इजेमुळेच त्वचा मरू लागते. म्हणजे जखमेचे मूळ गादीत किंवा शुश्रूषेत नसून मज्जातंतूंत आहे, आणि जखम दिसली की मरण जवळ आले असे समजावे. शार्को यांच्या नावाचा दबदबा एवढा होता, की हे मत कित्येक दशके टिकून राहिले. कारण हाताबाहेरचे आहे असे एकदा ठरले, की प्रयत्न करण्याचे प्रयोजनच उरत नाही.

देश सुटला, काम सुटले नाही

गुटमन यांनी ब्रेस्लाउ आणि फ्रायबुर्ग येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९२४ साली ते डॉक्टर झाले. ब्रेस्लाउमध्ये ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. फोर्स्टर हे त्या काळात युरोपातल्या अग्रगण्य मेंदूविकारतज्ज्ञांपैकी एक होते. सकाळपासून रात्रीपर्यंत काम, रुग्णाची बारकाईने तपासणी आणि प्रत्येक गोष्टीची नोंद, ही शिस्त गुटमन तिथे शिकले. लवकरच ते फोर्स्टर यांचे पहिले साहाय्यक झाले.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढून टाकण्यात आले. गुटमन ब्रेस्लाउच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि १९३७ साली तिथले वैद्यकीय संचालक झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्री देशभर ज्यूंची दुकाने, घरे आणि प्रार्थनास्थळे फोडली गेली, हजारो पुरुषांची धरपकड सुरू झाली. त्या रात्री रुग्णालयाच्या दारात येईल त्याला काहीही न विचारता दाखल करून घ्या, असा हुकूम गुटमन यांनी सोडला. चौसष्ट जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी जाब विचारायला आले, तेव्हा गुटमन त्यांना खाटेखाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येकाला कोणता ना कोणता आजार असल्याचे सांगत राहिले. त्यांपैकी साठ जणांची अटक टळली.

थोड्याच दिवसांत पोर्तुगालमधल्या एका बड्या रुग्णाला तपासण्यासाठी त्यांना देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळाली. परतीच्या वाटेवर ते लंडनमध्ये थांबले आणि निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या मंडळींनी त्यांच्यासाठी ब्रिटनमध्ये सोय केली. मार्च १९३९ मध्ये गुटमन, पत्नी एल्से आणि दोन मुले ऑक्सफर्डला पोहोचली. तिथे त्यांना संशोधनाचे काम मिळाले. पण वॉर्डात वाढलेल्या या डॉक्टराच्या हाताखाली आता स्वतःचे रुग्ण नव्हते, आणि ही गोष्ट त्यांना सतत सलत होती.

१९४३ साली ती संधी आली. दोस्त राष्ट्रे फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या तयारीत होती आणि पाठीच्या कण्याला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने परत येणार, हे सरकारला दिसत होते. त्यांच्यासाठी वेगळे केंद्र चालवायला फारसे कोणी उत्सुक नव्हते. मरणाऱ्यांचा वॉर्ड कोणाला हवा असतो? गुटमन यांनी ते काम घेतले, पण उपचार आपल्या पद्धतीने करू दिले पाहिजेत ही अट घालूनच. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनपासून फार दूर नसलेल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात हे केंद्र सुरू झाले.

पाठ वाचवण्याची शिस्त

इथे येणारे बरेच सैनिक प्लॅस्टरमध्ये जखडलेले असत. कणा हलू नये म्हणून तसे केलेले असे. प्लॅस्टर कापले की आत माकडहाडापाशी, कुल्ल्यांवर, टाचांवर हाडापर्यंत गेलेल्या, कुजलेल्या जखमा दिसत. गुटमन यांनी प्लॅस्टर हद्दपार केले. त्याऐवजी मऊ उशा आणि लोड वापरून अंग आधारावर ठेवायचे, हाडाचे उंचवटे अधांतरी राहतील असे पाहायचे, आणि प्रत्येक रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायची, असा नियम त्यांनी घातला. दिवसा तर बदलायचीच, पण रात्रीही बदलायची. रुग्ण झोपला आहे म्हणून एकही पाळी चुकवायची नाही. प्रत्येक वेळी त्वचा पाहायची, ती कोरडी करायची आणि नोंद करायची.

कण्याला दुखापत झालेल्या माणसाला नुसते ओढून वळवता येत नाही. तीन-चार जणांनी डोके, खांदे, कंबर आणि पाय एकाच वेळी धरून ओंडक्यासारखे सरळ वळवावे लागते. त्यासाठी त्यांनी मदतनिसांची पथके बसवली. काम चुकू नये म्हणून गुटमन स्वतः मध्यरात्री वॉर्डात फेरी मारत. ते कडक आणि तापट होते, परिचारिकांना आणि मदतनिसांना त्यांचा धाक असे. तरीही रुग्ण त्यांना आपसांत लाडाने पोपा म्हणजे बाबा म्हणत.

हा नियम का लागू पडला, ते समजायला अवघड नाही. त्वचेतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांतला रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असतो. दंडाला पट्टा बांधून आपण जो १२० मोजतो, त्याच्या पाव भागाच्या आसपास. आपण उताणे पडतो तेव्हा माकडहाड आणि टाच यांच्याखाली याहून कितीतरी जास्त दाब पडू शकतो. हाड वरून आणि गादी खालून दाबते. मधले मांस आणि त्वचा चिमटीत सापडते आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. निरोगी माणसाला लगेच अवघडल्यासारखे होते आणि तो हलतो. झोपेतही आपण नकळत कितीतरी वेळा कूस बदलतो. ज्याची संवेदना गेली आहे, जो बेशुद्ध आहे किंवा भुलेखाली आहे, त्याला हा इशारा मिळत नाही.

१९५९ साली अमेरिकेतले डॉक्टर मायकेल कोसिआक यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की भरपूर दाब थोडा वेळ पडला किंवा कमी दाब फार वेळ पडला, तरी नुकसान होतेच. गुटमन यांच्या वॉर्डात हे आधीच रोज दिसत होते. शरीराचे वजन काढून टाकता येत नाही, पण ते एका जागी किती वेळ राहते हे आपल्या हातात असते. शार्को यांनी ज्याला मज्जातंतूंचा दोष मानले, त्यावर माणसांच्या चार जोड्या हातांचा उपाय चालत होता.

जोडीला मूत्राशयाची काळजी होती. नळी घालताना पूर्ण निर्जंतुक पद्धत पाळायची, यावर गुटमन यांचा कटाक्ष होता आणि सुरुवातीच्या काळात हे काम ते स्वतः करत. पेनिसिलिनही त्याच काळात हाताशी आले. या सगळ्याचा परिणाम असा झाला, की आधी आठवड्यांत किंवा महिन्यांत जाणारे रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले.

जगले, आता पुढे काय

पाठ वाचल्यावर पुढचा प्रश्न आला. विशी-पंचविशीतला मुलगा आयुष्यभर छताकडे पाहत पडून राहणार का? गुटमन यांनी सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन यांचे वर्ग रुग्णालयातच सुरू केले. मग खेळ आले. चाकाच्या खुर्चीवर बसून चेंडू मारणे, धनुष्यबाण, टेबल टेनिस. खेळाने हात आणि खांदे बळकट होत. ज्याचे हात बळकट तो खुर्चीच्या दांड्यांवर भार देऊन स्वतःचे अंग उचलू शकतो, आणि अधूनमधून अंग उचलले की बसल्या जागी होणारी जखम टळते. मैदानावरचा सरावही असा पाठीच्याच कामी येत होता.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिक स्पर्धांचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर सोळा जखमी माजी सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्यांत दोन स्त्रिया होत्या. १९५२ साली नेदरलँड्सचे खेळाडू आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोममध्ये २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू जमले. त्या स्पर्धांना आज आपण पहिले पॅरालिम्पिक म्हणतो.

या धाग्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालच्या अंगावर परिणाम झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. वैयक्तिक खेळात भारताला मिळालेले ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. ज्या देशातून गुटमन यांना निघून जावे लागले होते, त्याच देशात ही स्पर्धा भरली होती, आणि या चळवळीची सूत्रे तेव्हाही त्यांच्याच हाती होती. पुढे १९७४ साली पुण्याजवळ खडकी येथे कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. उपचार, काम आणि खेळ एकाच आवारात, ही त्यामागची कल्पना स्टोक मँडव्हिलला पूर्वीच रुजली होती.

१९६६ साली ब्रिटनच्या राणीने गुटमन यांना सर हा किताब दिला. १९७३ साली त्यांचा मज्जारज्जूच्या दुखापतींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

अंदाज कागदावर आला

गुटमन यांच्या वॉर्डात धोका कोणाला आहे हे ठरवण्याची गरज नव्हती. तिथे प्रत्येकालाच धोका होता. सर्वसाधारण रुग्णालयात मात्र शंभर खाटांपैकी कोणत्या वीस खाटांकडे जास्त लक्ष द्यायचे, हे ठरवावे लागते, कारण हात मोजकेच असतात. या प्रश्नाला ब्रिटनमधल्या परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी हात घातला. वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच गोष्टींचा तक्ता मांडला: शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकाला एक ते चार गुण. एकूण वीस, आणि चौदा किंवा कमी आले तर धोका. १९८७ साली अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी संवेदना, ओलावा, आहार आणि घर्षण या गोष्टी धरून २३ गुणांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात अठरा किंवा कमी गुण म्हणजे धोका. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत आज बहुधा हाच वापरतात.

प्रत्यारोपणाच्या रुग्णाला मात्र हे तक्ते पुरे पडत नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण काही तासच जगला. आज प्रत्यारोपणाचे रुग्ण अनेक वर्षे जगतात, म्हणून त्यांच्या पाठीचा प्रश्नही आता विचारावा लागतो. यकृताच्या प्रत्यारोपणाला सहा ते बारा तास लागू शकतात. तेवढा वेळ रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकाच स्थितीत असतो आणि दोन तासांनी कूस बदलणे तिथे शक्य नसते. मधूनच रक्तदाब उतरतो, तो वर आणायला दिलेली औषधे त्वचेकडचे रक्त आणखी कमी करतात. बराच काळ आजारी असल्याने अंगावर मांस उरलेले नसते, पायांवर आणि पाठीवर सूज असते. शस्त्रक्रियेनंतर नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली स्टिरॉइड आणि इतर औषधे जखम भरू देत नाहीत आणि संसर्गाशी लढण्याची ताकदही कमी करतात. दुसऱ्या एखाद्या रुग्णात मलमपट्टीने बरी होईल अशी जखम इथे जिवावर बेतू शकते.

त्यातली आणखी अडचण अशी, की टेबलावर झालेली इजा बहुधा हाडाजवळ, खोलवर सुरू होते. वरची त्वचा त्या दिवशी ठीक दिसते आणि दोन-तीन दिवसांनी तिथे जांभळट चट्टा उमटतो. म्हणून आता शस्त्रक्रियेआधीच अंदाज बांधण्याचा प्रयत्न होतो. आजाराची तीव्रता, वजन, रक्तातली प्रथिने, टेबलावर लागणारा वेळ, कमी रक्तदाबाचा काळ, हे सगळे जमेस धरणारे नवे तक्ते आहेत, आणि रुग्णालयांच्या नोंदींवरून संगणकाकरवी धोका वर्तवण्याचे प्रयोगही होत आहेत. धोका आधी कळला, तर टेबलावर योग्य गादी घालता येते, टाचा उचलून ठेवता येतात, माकडहाडावर मऊ फोमची पट्टी आधीच लावता येते.

पण एक सावधगिरी हवी. एका रुग्णालयाच्या नोंदींवर तयार झालेले गणित दुसऱ्या ठिकाणी तसेच लागू पडेल असे नाही. आणि नुसता तक्ता भरल्याने जखमा कमी होतात, याचा भक्कम पुरावा कॉक्रेन संस्थेने घेतलेल्या जगभरच्या अभ्यासांच्या आढाव्यातही मिळालेला नाही. याचा अर्थ तक्ता निरुपयोगी आहे असा होत नाही. कमी गुण दिसल्यावर गादी बदलली का, कूस बदलली का, टाचा उचलल्या का, यावर सगळे अवलंबून आहे. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे आणि एका मावशींकडे पंचवीस रुग्ण असतील, तर फाईलमधला अचूक अंदाज फाईलमध्येच राहतो. गुटमन यांनी नियमाबरोबर तो पाळणारी पथकेही उभी केली होती, हे विसरता कामा नये.

घरी आल्यावर

पुण्या-मुंबईच्या रुग्णालयातून सुटलेला रुग्ण शेवटी आपल्या गावी, आपल्या घरी येतो. तिथे त्याची पाठ पाहते ती बायको, सून किंवा मुलगी. हे काम डॉक्टरांशिवाय होईल का, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडने कधीच दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तरीही कोणती गरोदर बाई जोखमीची, कोणते मूल खंगत चालले आहे, कोणता चट्टा कुष्ठरोगाचा, हे त्या वेळेवर ओळखू लागल्या. कुष्ठरोग्याच्या बधिर तळव्याला होणारा व्रणही दाबाचाच असतो. इथल्या कामाची दखल १९७९ च्या मॅगसेसे पुरस्काराने घेतली. धोका वेळीच ओळखायला पदवी लागत नाही, नीट शिकवलेली नजर लागते.

ती नजर अशी. रोज दोनदा चांगल्या उजेडात माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे, कोपर, खांद्यांची पाती आणि डोक्याची मागची बाजू पाहा. लाल झालेल्या जागी बोटाने दाबा आणि सोडा. जागा क्षणभर पांढुरकी झाली, तर रक्त अजून वाहते आहे. दाबूनही लाली तशीच राहिली, तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताने चाचपा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, घट्ट किंवा पिठासारखी मऊ लागते का, रंग काळपट-जांभळट झाला आहे का, रुग्णाला तिथे दुखते का, ते पाहा.

कूस दर दोन तासांनी बदला. चांगली गादी असेल तर काही रुग्णांना थोडे जास्त अंतर चालते, पण ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन थोडे तिरके ठेवले, तर कुल्ल्याच्या हाडावर भार येत नाही. पोटरीखाली उशी ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहते. खाटेची डोक्याकडची बाजू फार उंच ठेवली, की रुग्ण खाली घसरतो आणि आतले मांस ताणले जाते. सरकवताना ओढू नका, खाली चादर घालून दोघांनी उचला. लाल जागेवर स्पिरिट आणि पावडर चोळण्याची जुनी सवय सोडा. चोळल्याने आतले नाजूक मांस आणखी फाटते. हवेच्या गोल रिंगवर बसवण्याने कडेला दाब वाढतो, म्हणून तीही नको. हवेची गादी आणली तरी कूस बदलणे थांबवता येत नाही. आहारात डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने जायला हवीत, मात्र मूत्रपिंड किंवा यकृताच्या रुग्णाला किती द्यायची ते त्याच्या डॉक्टरांनीच सांगावे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाची त्वचा जरा जरी फुटली, तरी घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा.

रुग्णालयातून घरी सोडताना औषधांची यादी आपण दोनदा विचारून घेतो. त्याच वेळी परिचारिकेला आणखी दोन प्रश्न विचारावेत. या रुग्णाच्या तक्त्यातले गुण किती आहेत, आणि त्याची कूस कशी बदलायची हे आम्हाला एकदा हाताला धरून दाखवाल का?